गुडघे टेकायची फळी

एक टेबल, चार बाक, एक क्रूस. सगळं फणसाच्या लाकडाचं, एकही खिळा न मारता, माझ्या हातचं. शाळेत शिकलो नाही, पण सूतभर फरक कोणी दाखवावा.

हे केलं रामोनसाठी. तो फिलिपिन्सचा, इथे जेटीच्या कामावर इंजिनिअर. त्याने आणि इथल्या चार ख्रिस्ती घरांनी मिळून बर्फ कारखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत आज पहिली मिस्सा ठेवली. मलाही बोलावलं.

प्रार्थनेत मध्येच सगळ्यांनी कोब्यावर गुडघे टेकले. सत्तरीच्या फिलोमिना मावशींनीसुद्धा. उठताना त्यांना माझ्याच बाकाचा आधार घ्यावा लागला.

नंतर त्या म्हणाल्या, "मेस्त्री, बाक झकास. पण आम्हाला नुसतं बसवलंत हो."

रामोन तोडक्या मराठीत म्हणाला, "असू दे दादा. माझ्या गावात पण जमिनीवरच. आज घरी गेलो असं वाटलं."

त्याने सांभाळून घेतलं, तरी मला लागलं. मापं घेतली, पण लोक तिथे काय करतात ते विचारलंच नाही. तुमचं कधी झालंय असं?

बाक टेम्पोत घालून परत आणलेत. रविवारच्या आत प्रत्येकाला गुडघे टेकायची फळी बसवणार.

संध्याकाळी गुहागरचा एक हॉटेलवाला बाक बघून म्हणाला, "हे मला द्या, त्यांना सावकाश दुसरे करा." चाळीस हजार देत होता. मी नाही म्हटलं.