राजाची उडी

युसुफविषयी लिहायचे मी आजवर टाळले. आता दोघांतला मीच उरलो आहे, म्हणून लिहितो.

पटावर बसला की तो आधी आपले एक प्यादे फुकट देऊन टाकी. "घे, खा. पोट भरलं की झोप येते," म्हणे. समोरचा ते खात असताना याचे उंट-घोडे बाहेर पडलेले असत. स्वतःचा राजा उघडा पडे, त्याचे त्याला काही नसे. आपल्या देशी बुद्धिबळात राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरे उडी मारता येते. "उडी हाय ना, मग भ्यायचं कशाला?"

येवल्याच्या विणकराचा हा मुलगा नाशकात माझ्या वर्गात होता. शाळकरी मुलांचे सामने ठरले तेव्हा त्याच्या अब्बांनी बजावले होते, जिंकलास तर शाळा, नाहीतर मागावर बस.

सामने विलायती नियमांनी होते. नियम वाचून दाखवले तेव्हा युसुफ जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. परत आल्यावर त्याने मला विचारले, "राजाची उडी चालते ना रे?" मी मान हलवली. ती होकाराची होती, हे पक्के आठवते. पण आम्हा दोघांचीच जोडी लागल्याचे मला तेव्हा ठाऊक होते का? चिठ्ठ्या आधी निघाल्या की नंतर? नियम मी तरी नीट ऐकले होते का? कधी असे वाटते, कधी तसे.

डाव सुरू होताच प्यादे देऊन त्याने मला पार कोंडले. पण त्याचा राजा नेहमीसारखा उघडाच होता. मी शह द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्याने हसत राजा उचलला आणि उडी मारली.

पंच म्हणाले, "ही खेळी चालत नाही. हात लावलास, आता राजाच हलव."

युसुफने माझ्याकडे पाहिले. "तू तर..." एवढेच बोलला. मग पंचांकडे वळला. "चूक माझीच, साहेब."

राजाला एकच घर मोकळे होते. तिथे तो गेला आणि मी मात केली.

युसुफ मागावर बसला. खूप वर्षांनी मी येवल्याला गेलो, तर हातातला धोटा थांबवून त्याने मला बसवले, चहा मागवला.

"काय रे, तुमच्या सामन्यांत राजाची उडी चालते का आता?"

तो हसत होता. टोमणा होता की थट्टा, मला कळेना. "नाही चालत," मी म्हणालो.

"मग खेळता तरी कशाला?" म्हणत त्याने माग पुन्हा सुरू केला.

"युसुफ, त्या दिवशी मी..."

मागाच्या खडखडाटात त्याला ऐकू गेले नाही. मी आवाज चढवला नाही.