साडेचारला बंद होणारा फोल्डर

आईच्या डोळ्यांचं निदान झालं, तेव्हा तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "आणि पुस्तकं?" डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल, अक्षरं वाचणं कठीण. आई आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत होती. भाताला वाफ येईपर्यंत चार ओळी वाचून घेणारी बाई. घरी आल्यावर चार दिवस ती कोणाच्याही बोलण्यातली चूक न काढता राहिली, तेव्हा मात्र मी घाबरले.

पाचव्या दिवशी बाबांनी तिला कादंबरी वाचून दाखवायला घेतली. बाबा खडकीला लष्करी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला. माणूस शिस्तीचा, पण वाचन म्हणजे नोटीस वाचल्यासारखं. तिसऱ्या पानावर आई म्हणाली, "अहो, स्वल्पविराम गिळताय." बाबा म्हणाले, "मग तूच वाच." म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. पुस्तक मिटलं ते मिटलंच.

तोडगा मी काढला. बाबांनी आपल्या खोलीत, दार लावून, कॉम्प्युटरसमोर एकट्याने वाचायचं आणि रेकॉर्ड करायचं. आईने बाहेर आपल्या वेळेला ऐकायचं. तिला मी माझा जुना लॅपटॉप दिला. त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली होती, आणि एकच मोठी कळ दाबली की पुढचं प्रकरण सुरू होईल अशी सोय मी करून दिली. बाबांच्या मशीनवर विंडोज. दोन्ही एकाच वाय-फायवर. बाबांच्या मशीनवरचा एक फोल्डर शेअर करायचा, बस्स; तो शेअर असेल तोवरच आईला प्रकरणं ऐकता येणार. तो कसा करायचा, खूण कुठे लावायची, कुठे काढायची, हे मी बाबांना दोनदा दाखवलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पहिल्या दिवशी सकाळी लावून पाहिलं, चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येरवड्याहून, ऑफिसातून घरी आले तर आई कानाला हेडफोन लावून गप्प बसलेली. "तुझं ते बंद पडलंय," ती म्हणाली. बाबा बाहेर गेले होते. ते पावणेपाचला निघतात आणि बागेतल्या बाकावरची निवृत्त मंडळी उठल्यावर आठला परततात. मी त्यांच्या मशीनवर पाहिलं तर फोल्डरची खूण गायब. परत लावली, प्रकरण सुरू झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशीही.

इथे माझा एक दोष कबूल करते. माझं लिनक्सवर प्रेम आहे, आणि प्रेमात माणूस न्यायाने वागत नाही. मी सरळ विंडोजला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. अपडेट थांबवले, फायरवॉल तपासली, नेटवर्क 'खाजगी' केलं, पासवर्ड बदलला, राउटरला सांगून दोन्ही मशीनचे पत्ते पक्के केले. परदेशातल्या अनोळखी लोकांना इंटरनेटवर प्रश्न विचारले; त्यांनी आणखी दहा गोष्टी करायला सांगितल्या, त्याही केल्या. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं, पेनड्राइव्हने दे ना!" पेनड्राइव्ह आमच्या घरात चालत नाही. फाईल खिशात घालून हिंडणं बाबांना चोरीसारखं वाटतं.

बाबांना सरळ विचारूही शकत नव्हते, कारण आईने शपथ घातली होती. "त्यांना यातलं बोलू नकोस. माझी तक्रार आहे असं वाटलं तर वाचणं सोडतील. मग मी काय करू?" कादंबरी निम्मी झाली होती. तिचं खाणं, झोप, चिडणं, सगळं पुन्हा जागेवर आलं होतं. ते हातचं जाऊ द्यायला मी तयार नव्हते. म्हणून एकदाच, जाता जाता, बाबांना विचारलं, "तुमच्या मशीनमध्ये काही बिघडलंय का?" ते म्हणाले, "छे."

तीन आठवड्यांनी मी एक दिवस घरून काम मागून घेतलं आणि लॅपटॉप घेऊन बाबांच्याच खोलीत बसले. चोर डोळ्यांदेखत पकडायचा होता. दुपारभर सगळं सुरळीत. साडेचारला बाबा खुर्चीवर बसले, चष्मा लावला, फोल्डरवर गेले आणि शांतपणे खूण काढली.

"बाबा, हे काय करताय?"

"बंद करतोय. साडेचार झाले."

"रोज?"

"रोज. सकाळी नऊला ड्रॉइंग द्यायचं, साडेचारला परत घ्यायचं, कपाट लावायचं. उघडं टाकून घरी गेलो असं नोकरीत एकदाही झालं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळी कधी कधी खूण लावलेलीच असायची. मला वाटलं, तुझी रात्रपाळी चालते."

"तीन आठवडे डोकं फोडून घेतेय मी! सांगायचंत तरी!"

"तू विचारलंस, मशीनमध्ये बिघाड आहे का. मशीनमध्ये बिघाड नाही."

मला असा संताप आला, की विंडोजची माफी मागावी का काय, ते कळेना. आमचा आवाज ऐकून आई भिंतीचा अंदाज घेत दारात आली.

"म्हणजे पाच वाजता बंद असायचं, ते तुम्ही करत होतात?"

बाबांचा चेहरा पडला. "तू सकाळी ऐकत नाहीस?"

"सकाळी तुम्ही घरात असता. तुम्ही घरात असलात की मला चुका काढाव्याशा वाटतात. तुम्ही फिरायला गेलात, की चहा घेऊन बसते. मग तुमचं वाचन चांगलं वाटतं."

"मग बोलायचंस ना मला."

"बोलले असते आणि तुम्ही सोडलं असतंत तर? मला आता दुसरं आहे काय वाचायला?"

आई असं कधी बोलत नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. बाबांनी ड्रॉवरमधून एक लांबट वही काढली. आत पट्टीने आखलेले रकाने: प्रकरण, कोणाला दिलं, केव्हा, परत केव्हा. तीन आठवड्यांच्या प्रत्येक दिवसाची नोंद होती, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी साडेचार.

"वर्कशॉपला काही ड्रॉइंग कायमची दिलेली असायची," ते म्हणाले. "भिंतीवर लावून ठेवायचे. ती परत मागायची नाहीत, असा नियम होता."

त्यांनी फोल्डरची खूण पुन्हा लावली आणि नवी ओळ लिहायला घेतली. आईला दिसणार नाही म्हणून लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. "प्रकरण, सगळी. झालेली आणि पुढे होणारी. कोणाला, घरच्यांना." परतीच्या रकान्याशी पेन थांबलं. तिथे त्यांनी एक आडवी रेघ मारली. "परत, नाही."

"सही लागेल माझी?" आईने विचारलं.

"लागेल. दिलेली वस्तू सही घेतल्याशिवाय सोडता येत नाही."

त्यांनी तिच्या हातात पेन दिलं, तिचं बोट धरून जागेवर टेकवलं आणि हात सोडला. आईने पूर्ण नाव लिहिलं, अक्षर पूर्वीसारखंच वळणदार, पण ओळ सुटली. सही तिरकी होत दोन रकाने ओलांडून खालच्या रेघेच्याही पलीकडे गेली.

"सरळ आली का हो?"

एका मिलिमीटरसाठी ड्रॉइंग परत पाठवणारे बाबा त्या सहीकडे बघत होते.

"अगदी सरळ," ते म्हणाले.