पाटाची

मी जालन्याला एम.ए. करत होते त्या वर्षी आमच्या कॉलेजात स्त्री-अभ्यासाचा पेपर नवीन सुरू झाला. त्याला ना स्वतःचा विभाग होता, ना खोली. जो वर्ग रिकामा सापडेल तिथं तो भरायचा, आणि शिकवायलाही रोज वेगळं माणूस. एक दिवस अर्थशास्त्राचे सर येऊन विचारायचे, "घरची बाई रानात राबते, तिची मजुरी कुठं धरता?" दुसऱ्या दिवशी एक वकीलबाई वारसाहक्क सांगायच्या. मराठीच्या मॅडम जात्यावरच्या ओव्या घ्यायच्या. आम्ही मोजक्या मुली आणि मागच्या बाकावर दोन मुलगे. या पेपरात मार्क चांगले पडतात असं ऐकून विषय घेतला होता, खोटं कशाला बोलू.

एकदा इतिहासाच्या मॅडम विधवांच्या दुसऱ्या लग्नावर बोलत होत्या. शहरात यावरून मोठी भांडणं झाली, पण खेड्यातल्या कितीतरी शेतकरी घरांत पाट लावायची रीत जुनीच होती, असं त्यांनी सांगितलं. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्याला वाजंत्री नाही, मांडव नाही, अंधार पडल्यावर चार माणसांत उरकायचं. अशी बाई पुढं शुभकार्यात चालत नाही. आणि तिचा नवा नवरा बिनलग्नाचा असेल तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावायचे. मग ती रुई उपटून टाकायची. म्हणजे पहिली बायको मेली, हा बिजवर झाला, आता याला विधवा चालते.

वर्ग हसायला लागला. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मॅडम, रुईकडून हुंडा किती घेत होते?" मॅडमही हसल्या. माझ्या तर डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून.

त्याच शनिवारी मी एसटीनं वडीगोद्रीला उतरले आणि तिथून पायी गावी गेले. थोरल्या भावाचं लग्न जवळ आलं होतं. ओसरीत आई आणि काकू, म्हणजे माझी चुलती, गहू निवडत बसल्या होत्या. आई नेहमीसारखी खाली मान घालून, काकू नेहमीसारखी बोलत. मी चहा घेतला, सुपापाशी बसले आणि कॉलेजची गंमत म्हणून रुईच्या लग्नाची गोष्ट रंगवून सांगितली. हुंड्याचा विनोदही सांगितला.

कुणी हसलं नाही. काकूनं हातातलं सूप खाली ठेवलं, पदर झटकला आणि "मी पाणी बघून येते" म्हणून उठून गेली. पाणी बघण्यासारखं काही नव्हतं.

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"कोणी सांगितलं तुला?" ती म्हणाली.

"मॅडमनी. वर्गात."

"तुझ्या मॅडमला कोणी सांगितलं?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते ते. मग कळलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्या ओसरीत बसल्याबसल्या समजलं. मी विचारलं, "आई, तू?"

"मंग काय," ती म्हणाली. "आता इचारलंच हाये तर ऐक."

ती दहा वर्षांची असताना तिचं लग्न झालं होतं. नांदायला जायच्या आधीच नवऱ्याला साप चावला. तिला त्याचं तोंडही आठवत नव्हतं. "मांडवात त्याला झोप आल्ती, इतकंच ध्यानात हाये." कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, आणि ती माहेरीच वाढली. पुढं तिच्या वडिलांनी आणि माझ्या आजोबांनी मिळून पाट ठरवला. आमचे दादा, म्हणजे वडील, तेव्हा बिनलग्नाचे होते. त्यांना ओढ्याकाठी नेलं, रुईला हळद लावली, मणी बांधले.

"तू पाहिलंस?"

"मला कशाला नेतात? तुझ्या काकूनं पाह्यलं. ती तवा नवी नवरी होती."

डोक्यात एकामागून एक गोष्टी उलगडत होत्या आणि प्रत्येक गोष्ट आधीच्यापेक्षा वाईट होती. थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या लग्नात कन्यादानाला आई आणि दादा बसले नव्हते, काका-काकू बसले होते. आम्हाला सांगितलं होतं, दादांचे गुडघे धरलेत. संक्रांतीला आई कुणाकडं हळदी-कुंकवाला जात नसे, म्हणायची, "मला येळ न्हाई." गावात कुठलंही लग्न असो, ती मागच्या बाजूला चुलीपाशी. लोक म्हणायचे, हिच्या हातच्या वरणाला तोड नाही. मी मैत्रिणींना अभिमानानं सांगायचे, आमच्या आईला मिरवायचं वेड नाही, तिला रांधायला आवडतं.

"तुला रांधायला आवडतं ना गं?" मी विचारलं. हा काय प्रश्न होता! पण तोच तोंडातून आला.

"धुरात कोणाला आवडतं?" आई म्हणाली आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

सगळ्या गावाला माहीत होतं. काकूला, शेजाऱ्यांना, आम्हाला हाक मारून गूळ देणाऱ्या म्हाताऱ्यांना. माहीत नव्हतं ते फक्त आम्हा भावंडांना.

सोमवारी मी वर्गात गेले ती दगडासारखी. तास संपल्यावर इतिहासाच्या मॅडमना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "आपण हसलो गं त्या दिवशी." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुला काय करावंसं वाटतं ते बाजूला ठेव. त्यांना काय हवंय ते आधी विचार."

मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. बावीस वर्षांची होते आणि वकीलबाईंचे तास ताजे होते. हळदीच्या दिवशी मांडवात बायका जमल्या, भाऊ पाटावर बसला, काकू वाटी घेऊन पुढं झाली. मी मागं गेले. आई चुलीपुढं बसली होती. तिचा हात धरून तिला उठवलं आणि ओढतच मांडवाच्या तोंडापर्यंत आणलं. "पहिली हळद आई लावणार," मी मोठ्यानं म्हणाले.

गाणी थांबली. काकूच्या हातातली वाटी तशीच राहिली. आईनं हात हिसडला आणि माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांदेखत. जन्मात तिनं माझ्यावर हात उगारला नव्हता.

"माझ्या लेकराच्या संसाराला काही झालं म्हणजे?" ती म्हणाली. "तुझी ती मॅडम येणार हाये का निस्तरायला?"

आणि पळत मागं गेली.

गाल झोंबत होता, पण धक्का त्याचा नव्हता. मला वाटलं होतं लोकांनी तिला लांब ठेवलंय. ती स्वतःच स्वतःला लांब ठेवते, आपल्या हातात खरंच काही वाईट आहे असं मानते, हे कुठल्याच तासाला कुणी सांगितलं नव्हतं. हळद काकूनंच लावली. मांडव उतरल्यावर दादा माझ्याजवळ आले, पण बोलले एवढंच, "तिला तरास देऊ नको. मी बी लई सांगून बघितलं."

आई माझ्याशी दिवाळीपर्यंत धड बोलली नाही.

पुढं काही वर्षांनी माझं लग्न ठरलं, माझ्याच पसंतीनं. मी शिकवायला लागले होते. नवराही शिक्षक. आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरवलं. मांडव नाही, हळद नाही हे ऐकून आई पदराला डोळे पुसत बसली. "पोरीचं काहीच करायचं न्हाई का?" हे तिचं पालुपद. मी म्हणाले, "तुम्ही दोघं नुसते या."

दोघं आले. जुन्या जालन्यातून रिक्षानं कचेरीत आलो तेव्हा दादांनी नवा फेटा बांधला होता आणि आई सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून उभी होती. कारकुनानं विचारलं, "साक्षीदार कोण?" नवऱ्याकडचे एक जण पुढं झाले. दादांनी सही केली. "अजून एक लागतो," कारकून म्हणाला. माझी मैत्रीण पर्समधला पेन काढत होती. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"मी चालते का?"

कारकुनानं मानही वर केली नाही. "का न चालायला, मावशी? सही येते की अंगठा?"

"येते," आई म्हणाली. मी दादांकडं पाहिलं. त्यांचंही तोंड उघडंच राहिलं होतं. चौथीपर्यंत शिकलेली माझी आई टेबलापाशी आली, पदर खोचला, आणि जीभ दातांत धरून एकेक अक्षर लिहू लागली. मागं लोक ताटकळले होते. कारकून म्हणाला, "जरा जल्दी." ती म्हणाली, "थांबा हो, बराबर येऊ द्या." आणि सावकाश, रेघ न सोडता, आपलं नाव पूर्ण लिहिलं.

मग दादांनी सगळ्यांना स्टेशनजवळच्या हॉटेलात जेवायला नेलं. आईनं पुरी खाऊन बघितली, वरण चाखलं, आणि म्हणाली, "मीठ कमी हाये."