माठातला हायड्रोजन

अख्ख्या जालना जिल्ह्याला आमच्या दाजींइतकं आतून पाहिलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. दाजी म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. नवीन जालन्यातल्या एका खाजगी दवाखान्यात त्यांनी जन्मभर एक्स-रे काढले. अंकुशनगरच्या ऊसतोड कामगाराचा मोडका हात असो की मोंढ्यातल्या शेठजींची छाती, सगळं यांच्यापुढं उघडं. ही सवय इतकी मुरलेली, की लग्नपत्रिकासुद्धा आधी पाकिटासकट खिडकीच्या उजेडात धरणार, मग फोडणार. ताटातला पापडही उजेडात बघून खाणार. रस्त्यात माणूस भेटला की नाव आठवायचं नाही, "अरे, डावी बरगडी!" म्हणून गळ्यात पडायचे. आणि चुकीचं बोललेलं खपवून घेतील तर शपथ! माझे सासरे भर पंगतीत 'एक्स-रेचा फोटो' म्हणाले, तर हे हातातला घास ठेवून ओरडले, "फोटो न्हाई, सावली असती ती. बराबर बोला!" सासरे पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दवाखान्यात शिशाचा जड एप्रन एकच होता. लेकराचा एक्स-रे असला की तो एप्रन हे आईच्या अंगावर चढवायचे आणि रडणारं लेकरू स्वतः धरून उभे राहायचे. बटण कंपाउंडर दाबायचा. मी चिडायचो, "दाजी, तुमचं काय?" तर म्हणायचे, "आपल्याला सवय हाय." सवय! किरणांची कसली आलीय डोंबलाची सवय? दवाखाना सोडला आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले, किरणांमुळे असू शकेल, खात्रीनं सांगता येत नाही. आशाही त्यांनी फारशी दिली नाही.

मग दाजींनी स्टेशनजवळचं सायबर कॅफे गाठलं. किरणांनी होणाऱ्या बिघाडावर हायड्रोजन विरघळवलेल्या पाण्याचे प्रयोग चाललेत, असं कुठंतरी वाचून आले. "ते उंदरांवर चाललेत," मी म्हणालो. "मंग मला उंदीर समजा, मेव्हणे!" औषधं चालूच होती, पण जीव अडकला तो ओट्यावरच्या बरणीत. बरणीत दोन तारा, तारांना बॅटरी, आणि बारीक बुडबुडे. आल्यागेल्याच्या हातात पेला द्यायचे, "श्वास घ्या, रोखा, प्या! जल्दी! सगळ्यात हलका वायू हाय, उघड्यावर राहत न्हाई. माठात तर बिलकुल न्हाई, त्याला चहूबाजूंनी भोकं." अक्का तेव्हा आत चहा टाकत असायची.

पुढं दाजींना उठवेना. बरणी अक्कानं हाती घेतली. एकदा उन्हाळ्यात गेलो तेव्हा ती त्यांना उशीला टेकवून पाणी पाजत होती. कौतुकानं म्हणाली, "ह्यांना गारच पाणी लागतं ना, म्हणून रोज बरणीतलं पाणी माठात भरून ठेवते."

"माठात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

अक्काचा हात थांबला. "का रे? अहो, माठात चालत न्हाई का? मी समदं वाया घालून राह्यले का?"

अरे देवा, तिचा तो चेहरा! ज्या माणसानं पंगतीत माझ्या सासऱ्यांना सोडलं नाही, तो आता काय बोलतो म्हणून मी दाजींकडं पाहिलं. दाजींनी डोळे मिटले. श्वास घेतला, रोखला.

"चालतं की," ते म्हणाले. "माठातच टिकतो हायड्रोजन. बराबर केलंस तू." आणि सगळा पेला एका दमात संपवला. मग माझ्याकडं रोखून पाहिलं.

दाजी त्याच उन्हाळ्यात गेले. बरणी अजून ओट्यावर आहे. अक्का रोज तारा जोडते, पाणी माठात भरते, आणि मी गेलो की पेला पुढं करते. "पी. ह्यांनीच सांगितल्तं, माठातच टिकतो म्हणून." मग जरा थांबून विचारते, "मंग हे का रे न्हाई टिकले?"

मी श्वास रोखतो आणि पाणी पितो.