वाणाची पिशवी नहरात

मैत्रिणींनो, अजूनही मले शिसारी येऊन राहिली, म्हणून घरी आल्या आल्या लिहिते.

उद्या माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. सकाळपासून बर्डीच्या बाजारात तीळ, गूळ, बांगड्या घेत फिरले. पाय दुखत होते, पण थंडीतलं ऊन छान वाटत होतं, म्हणून परतताना नहराच्या काठानं जरा चालले. पाणी शांत, आसपास चिटपाखरू नाही.

तेवढ्यात एक गृहस्थ स्कूटरवरून उतरले आणि त्यांनी भरलेली पिशवी पाण्यात भिरकावली. सडके हार, अगरबत्तीचे पुडे, देवाची फुटकी तसबीर, सगळं तरंगायला लागलं.

"काहून फेकून राहिले भाऊ?"

"फेकून नाही राहिलो ताई. विसर्जन करून राहिलो."

मग त्यांनी पाण्याला हात जोडले आणि त्याच पाण्यात पचकन तंबाखूचा खर्रा थुंकले! याच पाण्यावर पुढच्या गावांचा गहू होतो हो.

माणूस अनोळखी होता. पिशवी मात्र ओळखीची निघाली. माझ्या जुन्या मोरपंखी साडीची! प्लास्टिक वापरू नका म्हणून गेल्या संक्रांतीला अशा पिशव्या मी स्वतः शिवून तुम्हा सगळ्यांना वाण म्हणून दिल्या होत्या. त्यातलीच एक.

ती कोणाच्या घरची, ते विचारत नाही. उद्या सगळ्या जणी या, तिळगूळ घ्या, गोड बोलू.

फक्त येताना गेल्या वर्षीची पिशवी सोबत आणा.