नुकतंच जाऊन आलेलं माणूस

जगात कुठेही पाऊल टाकण्याआधी तिथे नुकतंच जाऊन आलेलं माणूस गाठलं पाहिजे, अशी माझ्या मेहुणीची श्रद्धा आहे. आणि असं माणूस मिळालं नाही, तर ती जागा अस्तित्वात आहे यावरच त्यांचा विश्वास बसत नाही. नकाशा त्यांना पुरत नाही, वेळापत्रक पुरत नाही, आणि पुस्तकातली माहिती तर त्या शिळ्या भातासारखी बाजूला सारतात. माझ्या बायकोची ही थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. ताईंनी लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्याची नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर जुन्या पनवेलमधल्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आल्या. तिथे कुणीतरी त्यांना प्रवासी लोकांचा एक मराठी ऑनलाइन मंच दाखवला, आणि त्या दिवसापासून पनवेलला सुख राहिलं नाही.

त्या मंचाची शिस्त कडक आहे. कुणी प्रश्न मांडला की त्याला धागा म्हणायचं, खाली येतात ते प्रतिसाद. विचारणाऱ्याने आधी थोडं वाचून यावं, सांगणाऱ्याने आपण तिथे शेवटचे कधी गेलो होतो ते आधी लिहावं, आणि जाऊन आलेल्याने वृत्तांत टाकावा, म्हणजे पुढच्याला उपयोग होतो. अनोळखी माणसं एकमेकांना अशी शिकवतात, चुकलं तर रागावतात, आणि पुढच्या प्रवासाला शुभेच्छा देतात. शाळेत कधी वेळेवर न पोचलेल्या ताई या शाळेत अशा रमल्या की तिची शिस्त त्यांनी सगळ्या गावाला लावली. त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मला मान खाली घालूनच चालावं लागतं. एकदा मासळी बाजारात उरणहून येणाऱ्या एका बाईंना त्यांनी विचारलं, की उरणचा रस्ता सध्या कसा आहे, आणि त्यावर लगेच, की तुम्ही तिथे शेवटच्या कधी गेला होतात. ती बाई पापलेटावरून हात न काढता म्हणाली, "ताय, मी तिथलीच हाय. मी कशाला जाऊ?" ताईंना हे उत्तर बिलकूल पटलं नाही. घरी येताना त्या मला म्हणाल्या, की राहणाऱ्या माणसाची माहिती कच्ची असते, त्याने ते ठिकाण कधी नीट पाहिलेलंच नसतं. लग्नाच्या पंगतीत त्या शेजारच्याला विचारतात, की या हॉलमध्ये तुम्ही आधी कधी जेवला होतात. माझी दाढ काढायची होती तेव्हा त्यांनी दवाखान्याच्या बाकावरच्या, गाल सुजलेल्या एका गृहस्थांना इतकं खोदून विचारलं, की शेवटी ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले, आणि मीही त्यांच्यामागे गेलो.

पण सगळ्यांत जास्त शरमलो तो दिवस वेगळा. माझी बायको गेली, तिच्या दहाव्याला गुरुजी आत्म्याच्या पुढच्या वाटेबद्दल सांगत होते. कोणती नदी लागते, कुठे सावली नाही, कुठे पाणी मिळत नाही. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "गुरुजी, हे तुम्हाला कुणी जाऊन आलेल्याने सांगितलं का?" मी दर्भाकडे पाहत राहिलो. गुरुजी भले माणूस, ते हळूच म्हणाले, "तिथून येऊन सांगणारं कुणी नसतं, ताई." ताईंनी मान हलवली आणि उठून आत गेल्या. बराच वेळ आतून कुकरचं झाकण लावल्याचा आणि काढल्याचा आवाज येत राहिला.

पुढे काही महिन्यांनी मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला खालच्या मेडिकलवर गेलो. गोळ्या पुडीत घालता घालता दुकानदार पोरगा आपलेपणाने म्हणाला, "काका, वाईलाच जा तुम्ही. मी पण तेच लिहिलंय." मला काही कळेना. तेव्हा त्याने काउंटरवरून स्वतःचा फोन माझ्यापुढे सरकवला. ताईंनी धागा काढला होता, आणि धाग्याचा विषय मी होतो.

त्यांनी लिहिलं होतं, की साठी ओलांडलेले गृहस्थ आहेत. पत्नी गेल्यापासून पनवेलच्या बाहेर पडलेले नाहीत, आणि आधीही फारसे पडत नव्हते. पुस्तक दिलं तर दिवसभर घरात आहेत की नाहीत ते कळत नाही. हॉटेलात एकटे कधी जेवलेले नाहीत. बॅग आजवर स्वतः भरलेली नाही. यांना कुठे पाठवावं? आपण तिथे शेवटचे कधी गेला होतात ते कृपया लिहावे. खाली प्रतिसादांची रीघ लागली होती. एकाने विचारलं होतं, गृहस्थ घोरतात का. कुणी बजावलं होतं, की थंड हवेच्या ठिकाणी नको, तिथे नवी जोडपी असतात, त्यांना त्रास होईल. हा त्रास मला होईल की जोडप्यांना, ते लिहिलं नव्हतं. कोल्हापूरच्या एका बाईंनी शर्टाची घडी कशी घालावी ते फोटोंसकट समजावलं होतं. आणि 'पायवाट' नावाने लिहिणाऱ्या एका माणसाने दोनच ओळी लिहिल्या होत्या, की माझीही बायको गेली, जेवायला दुपारी अडीचला जावं, गर्दी ओसरलेली असते, दारातला पोऱ्या 'किती जण?' असं विचारत नाही.

मी तिथेच, मेडिकलच्या पायरीवर उभं राहून सगळं वाचलं. कान तापले होते. घरी येऊन मी दार लावलं, आणि मग बायकोच्या कपाटातून बॅग काढून शर्टाची घडी घालून पाहिली. बाई म्हणतात तशी ती खरंच बसत होती.

दुसऱ्या दिवशी त्या धाग्यात कुणा परदेशातल्या मुलीने साध्या मनाने विचारलं, "काकू, तुम्ही दोघंच एकत्र का जात नाही?" मग तिथे जुंपली. एकाने तिला झापलं. दुसरा म्हणाला, की यात गैर काय आहे, पनवेल म्हणजे आता मुंबईच की. तिसऱ्याने त्याला विचारलं, "तुम्ही पनवेलमध्ये शेवटचे कधी राहिला होतात?" ताईंनी यातल्या कशालाच उत्तर दिलं नाही. संध्याकाळच्या चहाला त्या रोज खाली यायच्या, ते बंद झालं. त्या मला द्यायच्या तो जेवणाचा डबा वॉचमनच्या हाती येऊ लागला. जिन्यात पावलं वाजली की मी दाराची कडी तपासायचो. इतकी वर्षं एका इमारतीत राहून आम्ही दोघं चोरासारखे वागू लागलो.

त्या प्रश्नाने मला लाज वाटली ती लोकांची, असं मी आधी समजत होतो. मग लक्षात आलं, की दोघी बहिणी वर्षातून दोनदा बाहेर पडायच्या. ताई विचारून विचारून बेत आखायच्या, बायको बॅगा भरायची, आणि मी इथे खिडकीशी बसून वाचायचो. बायको गेल्यापासून ताईंनी स्वतःसाठी एकही धागा काढलेला नव्हता. माणूस माझं गेलं असं मी धरून चाललो होतो, आणि वरच्या मजल्यावर बॅग न भरता बसलेल्या बाईचा मला विचारही शिवला नव्हता.

आठवड्याने ताई खाली आल्या. बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला धरून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पुढे जा. मी आठ दिवसांनी जाईन. तोवर माहिती ताजी असेल."

मी वाईला गेलो. पनवेलच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीत बसलो, वाईच्या फाट्यावर उतरून दुसरी गाडी धरली, नदीच्या घाटाजवळच्या एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली. अडीचला जेवलो. पहिल्या दिवशी एकच पोळी खाल्ली, दुसऱ्या दिवशी चार, आणि वर ताक मागितलं. रात्री झोप इतकी लागली, की सकाळी चहावाल्याने दार ठोठावलं तेव्हा मी कुठे आहे आणि माझं काय गेलं आहे, हे क्षणभर मला आठवलंच नाही. आठवल्यावर तोंड धुवायलाही लाज वाटली. नदीच्या पायऱ्या, गरम पाण्याची वेळ, जिन्यातली उंच पायरी, सगळं दोनदोनदा पाहून ठेवलं, आणि परतल्यावर ताईंसाठी वृत्तांत लिहिला. चार पोळ्या आणि झोप मात्र त्यात घातली नाही. मंचावरच्या लोकांनी 'छान लिहिता, अजून लिहा' म्हटलं. ताईंनी फक्त माझ्या खोलीचा नंबर विचारून घेतला आणि तीच खोली ठरवली.

पोचल्यावर संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"भाऊजी, खोलीत दोन पलंग आहेत."

"हो."

"ते तुम्ही लिहिलं नाहीत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही काय केलंत त्या दुसऱ्याचं?"

"पुस्तकं मांडून ठेवली. रात्रीसुद्धा उचलली नाहीत."

"माझ्याकडे पुस्तकं नाहीत," ताई म्हणाल्या. पलीकडे घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढंच ऐकू येत राहिलं.

मी विचारलं, "तुम्ही दोघी जायचात तेव्हा खिडकीकडचा पलंग कुणाचा?"

"धाकटीचा. सकाळी तोंडावर उजेड आला की तिला बरं वाटायचं."

आमच्या घरी खिडकीकडची बाजू इतकी वर्षं माझी होती, वाचायला बरं पडतं म्हणून. तिने कधी मागितली नाही. मी ते ताईंना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "मग तो तिचाच राहू दे. चादर तेवढी घालून ठेवा."

"बरं," त्या म्हणाल्या.

फोन त्यांनी बंद केला नसावा, कुठेतरी टेकवून ठेवला असावा. कारण थोड्या वेळाने चादर झटकल्याचा आवाज आला, आणि मग हाताने ती सारखी केल्याचा.