फुकटचं कार्ड, पैशाचं कार्ड

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत मला बढती मिळाली, त्यानंतर मी एका बँकेचं भारीतलं चार्ज कार्ड घेतलं. धातूचं, जड, टेबलावर टाकलं की खणकन वाजणारं. महिन्याचा खर्च महिन्यालाच पुरा फेडायचा, हप्तेबिप्ते नाहीत. वर्षाची फी ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात चांगला मिक्सर आला असता."

पण त्याच खात्यावर घरच्यांना ॲड-ऑन कार्डं देता येत होती. बँकेतल्या मुलीने फोनवर सांगितलं, "सर, पहिलं ॲड-ऑन फ्री आहे. दुसऱ्यापासून प्रत्येक कार्डाला दरवर्षी फी."

बायकोकडे स्वतःचं कार्ड होतं. मग आमच्या दोघांच्या आयांसाठी घ्यायचं ठरलं. माझी आई डोंबिवलीत एकटी राहते, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. सासूबाई शहाडला, सासरे गेल्यावरही पिठाची गिरणी चालवणाऱ्या. अडीनडीला दोघींच्या हाताशी काहीतरी असावं, एवढाच विचार. मी आधी आईचं नाव सांगितलं, मग सासूबाईंचं. म्हणजे आईचं कार्ड फुकट आणि सासूबाईंच्या कार्डाला फी.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमचं लग्न जातीबाहेरचं. आईने हो म्हणायला खूप वेळ घेतलेला, आणि सासूबाई ते विसरल्या नव्हत्या. दोघी कधी भांडल्या नाहीत. आमच्या मुलीच्या वाढदिवसाला भेटायच्या, "कशा आहात विहीणबाई?" "बरी आहे, तुम्ही?" एवढं व्हायचं आणि मग दोघींच्या मधे दोन खुर्च्या रिकाम्या राहायच्या.

कार्ड द्यायला गेलो तेव्हा आईने ते उलटसुलट करून पाहिलं. "याला पैसे पडतात का रे?"

"तुझ्याला नाही. दुसऱ्याला पडतात."

"दुसरं कुणाचं?"

मी सांगितलं. आई "बरं" म्हणाली. बाईंचं ते 'बरं' वर्गातली मुलं जन्मभर विसरली नसतील. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. "म्हणजे मी फुकटातली."

"अगं आई, कार्ड फुकट आहे. तू नाहीस."

"कळतं मला. पण त्यांच्यासाठी खिशात हात घातलास, माझ्यासाठी नाही."

तिकडे बायकोने सासूबाईंना फीचं सांगून टाकलेलं. त्यांचं वेगळंच. "माझ्यापायी जावईबापूंना दरवर्षी भुर्दंड? परत करा ते. गिरणीवर मला काय करायचंय कार्ड?"

मी पुन्हा बँकेत फोन लावला. "पहिल्या कार्डालाही फी लावता येईल का?" ती मुलगी जपून म्हणाली, "सर, ते फ्री आहे." "हो, पण मला भरायचीय." "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही, सर."

पुढचं मला दोघींकडून नंतर कळलं. आईचं म्हणणं बायकोकडून कानावर गेल्यावर एके दुपारी सासूबाई गिरणी बंद करून, ताज्या भाजणीची पिशवी घेऊन, न कळवता डोंबिवलीला आईकडे गेल्या. आत जाऊन त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "विहीणबाई, हे तुम्ही ठेवा. पैशाचं कार्ड आईकडेच शोभतं. फुकटचं मला द्या."

"अहो, पण यावर तुमचं नाव आहे."

"खोडता नाही येत?"

"कोरलंय ते! पातेल्यावरचं नाव खोडता का तुम्ही?"

सासूबाई आधी हसल्या, मग आईलाही आवरेना. हसणं थांबल्यावर आई म्हणाली, "पहिल्यांदाच आलात एकट्या."

"तुम्ही कधी बोलावलंत?"

आईने भाजणीची पिशवी उचलली. मग म्हणाली, "नाही बोलावलं. बसा. या भाजणीचं थालीपीठ लावते, खाऊनच जा."

संध्याकाळी आईचा फोन. "त्या फीचे पैसे वसूल कसे करायचे, ते सांग." मी आठवून आठवून सांगितलं की विमानतळावर या कार्डावर लाउंजमध्ये फुकट जाता येतं, हवं ते खाता येतं.

"दोघींना?"

"दोघींना."

"मग विमानानेच जायला हवं."

मला वाटलं चेष्टा चाललीय. पण सासूबाईंची बहीण नागपूरला होती, कित्येक वर्षांत भेट नव्हती. आठवडाभरात बेत ठरला. "फी वसूल करायला विमानाची तिकिटं?" बायको डोक्याला हात लावून बसली. मी तिला म्हटलं, काही बोलू नकोस. सासूबाईंनी त्यांच्या तिकिटाचे पैसे माझ्या हातात कोंबले, तेव्हा मी ते घेतले.

लाउंजमधून सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, उपमा आहे, केक आहे, सूप आहे, आणि कितीदा घेतलं ते कुणी विचारत नाही!" मागून आईचा आवाज आला, "हळू बोल गं, सगळे बघतायत." ते 'गं' ऐकून मी बायकोकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं. विमानाला उशीर झाला, तर या दोघी खूश. आणखी एकेक चहा झाला.

नागपूरहून फोटो आला तो दीक्षाभूमीवरचा. स्तूपासमोर दोघी, आणि सासूबाईंची पर्स आईच्या खांद्याला. सासूबाईंनी बायकोला नंतर सांगितलं की फोटो काढून झाल्यावर आई तिथेच सावलीत बसली आणि विचारू लागली, तुझे आईवडील इथे कधी आले होते, कसे आले, घरी येऊन काय सांगायचे. "सगळं सांगितलं मी. ऐकत होती. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं गं."

परतीच्या दिवशी मी विमानतळावर घ्यायला गेलो. दोघी एकच ट्रॉली ढकलत बाहेर आल्या. संत्रा बर्फीचा डबा आत्ता फोडायचा की घरी गेल्यावर, यावर जोरात वाद चाललेला. मी हात हलवत होतो आणि त्या माझ्या समोरून तशाच पुढे निघून गेल्या. मी त्यांना जरा जाऊ दिलं. मग हाक मारली, "आई!"

दोघींनीही वळून पाहिलं.